ओला ड्रम

आमच्या धंद्याचा जन्म दुसऱ्या महायुद्धाच्या भंगारातून झाला. विलीज आणि फोर्ड या दोन अमेरिकन कारखान्यांनी मिळून लष्करासाठी सहा लाखांहून जास्त जीपा बनवल्या होत्या. लढाई संपली तेव्हा त्यातल्या कितीतरी इथल्या डेपोंमध्ये उभ्या होत्या. त्या ‘डिस्पोजल’च्या लिलावात निघाल्या आणि रस्त्याचे कंत्राटदार, जंगलाचे ठेकेदार, शिकारीचा शौक असलेले इनामदार यांनी उचलल्या. पुढे १९४९ मध्ये महिंद्रांनी मुंबईत माझगावला अमेरिकेहून आलेल्या सुट्या भागांतून विलीज जीप जोडायला घेतली आणि जीप सरकारी साहेबाची गाडी झाली. तिच्या पोटात तेलावर चालणारा ब्रेक होता. तेल म्हटलं की गळती आली, आणि गळती आली की हात काळे करणारा कुणीतरी लागतो. चिपळूण-कराड रस्त्यावर, कुंभार्ली घाटाच्या पायथ्याला, ते काम आधी आमच्या मिस्त्रींनी केलं, नंतर मी. आता गॅरेज मुलगा बघतो आणि मी बाकड्यावर बसून त्याला सल्ले देतो, जे त्याला नको असतात.

शोरूममध्ये एसयूव्ही म्हणून ज्या उंच गाड्या उभ्या असतात त्या याच जीपच्या नाती-पणती, आणि त्यांचा ब्रेक जाण्याची रीतही तिच्याकडूनच आलेली. ‘अचानक ब्रेक फेल’ ही वर्तमानपत्राची भाषा. मी उघडलेल्या बहुतेक गाड्यांत ब्रेक जायच्या आधी कित्येक दिवस, कधी महिनेसुद्धा, कुठेतरी ओल होती. ऐंशी वर्षांत फरक पडला तो ओल कुठे येते यात, आणि ती बघायला वाकतो कोण यात.

तेलाच्या ब्रेकचं पेटंट १९१७चं. ते घेणारा माल्कम लॉकहीड हा विमानं बनवणाऱ्या लॉकहीड भावांपैकी एक. पेडलपुढे पिस्टन, पिस्टनपुढे तेल, तेल नळ्यांतून चाकापर्यंत; द्रव दाबला तरी आकसत नाही, त्यामुळे पायाचा जोर जसाच्या तसा पोचतो. कल्पना झकास, पण तेल अडवायला त्याने चामड्याचे वॉशर वापरले आणि ते पाझरत. १९२१ मध्ये ड्यूसेनबर्गने आपल्या मोटारीच्या चारही चाकांना हा ब्रेक दिला. १९२४ मध्ये क्रायस्लरने तो उचलला, त्यांच्या इंजिनिअरांनी चामडं काढून रबराचे खोलगट वॉशर घातले, तेव्हा कुठे गळती आटोक्यात आली. आमच्याकडे त्या वॉशरांना बकेट म्हणतात. हेन्री फोर्ड मात्र हट्टाला पेटलेला. पायापासून चाकापर्यंत पोलादच असलेलं बरं, अशी त्याच्या कंपनीची जाहिरातच असे, आणि १९३९ सालच्या मॉडेलपर्यंत त्याने तेलाला हात लावला नाही. आमचे मिस्त्री फोर्डच्या बाजूचे. “दांडा मोडला तर दिसतो रे, तेल गेलेलं दिसत नाय,” म्हणायचे, आणि जन्मभर तेलच भरत राहिले.

मिस्त्री मूळचे कराडकडचे. कोयनेचं काम चालू असताना प्रकल्पाच्या वर्कशॉपमध्ये हेल्पर म्हणून लागले. वर कोयनानगरला धरण, खाली पोफळीला वीजघर, मधे कुंभार्ली. साहेब लोकांच्या जीपा दिवसभर वर-खाली. वीजघर १९६२ मध्ये सुरू झालं, ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे भूकंप झाला, आणि त्यानंतर केव्हातरी नोकरी सोडून मिस्त्रींनी खाली पत्र्याची शेड टाकली. घाट उतरून आलेला ड्रायव्हर जिथे पहिला चहा पितो तिथेच ब्रेकवाल्याने दुकान मांडावं, हा त्यांचा हिशेब. तो बरोबर निघाला. घाटात जे जाणवतं ते सपाटीवर दोन तासांनी विसरायला होतं. मी तिथे बारक्या म्हणून लागलो ते शाळा सुटल्यावर.

त्या जीपचा मास्टर सिलेंडर, म्हणजे पेडलपुढचा तेल ढकलणारा सिलेंडर, बॉनेटखाली नसे. तो ड्रायव्हरच्या पायाखाली, फ्लोअरच्या पत्र्याच्या खालच्या अंगाला, चासीला आवळलेला असे. तेल बघायचं तर चटई उचला, छोट्या झाकणाचे स्क्रू काढा, आत हात घालून मास्टरचं बूच फिरवा. बुचाभोवती घाटातला चिखल वाळून बसलेला. बूच काढताना चिमूटभर माती आत पडणारच. गाडी ओढ्यातून काढली की मास्टर पाण्यात, आणि बुचाला हवेसाठी ठेवलेल्या भोकातून पाणी तेलात. म्हणून आधी धुवा, फडक्याने कोरडं करा, मगच बूच, असा मिस्त्रींचा दंडक होता. एवढा उपद्व्याप रोज सकाळी कोण करणार? ड्रायव्हर तेल बघतच नसत. ते पेडल बघत.

सकाळी गाडीत बसायचं, स्टार्टर मारायच्या आधी पेडल दाबायचं आणि पाय तसाच ठेवून विडी पेटवायची. विडी पेटेपर्यंत पेडल सावकाश खाली बसत गेलं तर मास्टर बायपास मारतोय, म्हणजे तेल आतल्या आत बकेटच्या कडेने परत जातंय, बाहेर थेंबही नाही. पहिल्याच दाबाला फ्लोअरला टेकलं तर कुठेतरी बाहेर गळतंय. दुसऱ्या-तिसऱ्यांदा मारल्यावर वर आलं तर ड्रमला आतून घासणारे शू झिजलेत, नाहीतर लाईनमध्ये हवा आहे. मग खाली उतरून चारही चाकांच्या आतल्या बाजूला वाकून बघायचं. जुने ड्रायव्हर हे देवाला हात जोडण्याइतक्या सवयीने करत. त्या जीपला ब्रेकचं एकच सर्किट होतं. चारांतल्या कुठल्याही एका चाकाची नळी फुटली की चारही चाकं गेली. हॅन्डब्रेक तेवढा तेलापासून मोकळा. तो चाकांवर नव्हताच, ट्रान्स्फर केसच्या मागे प्रोपेलर शाफ्टवर त्याचा वेगळा ड्रम असे. उतारावर तो खेचला की अख्खी गाडी हाडं खिळखिळी झाल्यागत थरथरे, पण पुष्कळ जण त्याच्यामुळे घरी पोचले.

ओल दिसली तरी ती कशाची हा प्रश्न उरतोच. मागच्या चाकाच्या आत व्हील सिलेंडर गळतो तसंच ॲक्सलचं ऑइल सील फाटून गिअर ऑइलही येतं. दोन्ही काळ्या धुळीत मिसळून सारखीच दिसतात. मिस्त्रींची परीक्षा अशी: ड्रमच्या मागच्या प्लेटवरून बोटभर ओल पुसून घ्यायची आणि पाण्याच्या बशीत बुडवायची. गिअर ऑइल असेल तर पाण्यावर तवंग पसरतो, रंग दिसतात, वर गंधकाचा वास. ब्रेक ऑइल पाण्यात विरघळतं. बोट झटकलं की बशीत नुसता धूर सोडल्यासारखा गढूळपणा, आणि बोट पाण्याने स्वच्छ. त्या बशीला लाल रंगाचा ठिपका देऊन ठेवला होता, कारण ब्रेक ऑइल विषारी, आणि चहा देणारं पोरगं रोज नवीन.

मग ड्रम उतरवायचा. तो सहज कधीच निघत नाही. गंजाने अडलेला असतो, कडेला हातोडीने ठोकत फिरवावा लागतो. आत लायनरची काळी भुकटी. त्या काळी ती ॲस्बेस्टॉसची, आणि आम्ही ती तोंडाने फुंकायचो. मिस्त्रींच्या खोकल्याविषयी मला तेव्हा काही वाटलं नाही, आता वाटतं. व्हील सिलेंडरच्या दोन्ही टोकांना धूळ अडवायला रबरी टोप्या असतात. टोपीची कड नखाने उचलायची. आत कोरडं असेल तर ठीक. नखाला ओल लागली तर बाहेर अजून थेंब नसला तरी बकेट गेली असं समजायचं. ही नखाएवढी ओल म्हणजे आमची पोथी. ती वाचणारा मेकॅनिक आणि न वाचणारा मेकॅनिक यांची मजुरी सारखीच असते, हे वेगळं.

ओल आतून का येते, याला कोकण बरंचसं कारण. सुरुवातीच्या काळात ब्रेकचं तेल म्हणजे स्पिरिट आणि एरंडेल यांचं मिश्रण होतं. पुढे ग्लायकॉलवालं आलं, तेच आज डॉट ३, डॉट ४ या अमेरिकन प्रमाणांच्या नावाने मिळतं. ते हवेतला ओलावा शोषतं. होस पाईपच्या रबरातून, बुचाच्या भोकातून, उघड्या राहिलेल्या डब्यातून. चिपळुणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, कोयनानगरला त्याहून जास्त; इथलं तेल ओलावा घेणार नाही तर कुठलं घेईल? ताजं डॉट ३ किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी गेलं की ते १४० अंशांपाशीच उकळायची भीती. डॉट ४ चे तेच आकडे २३० आणि १५५. शिवाय पाण्याने सिलेंडरच्या आत गंज धरतो, बारीक खड्डे पडतात, बकेटची धार त्या खड्ड्यांवरून घासत जाते आणि एक दिवस कापली जाते. गाडी चालती असो नसो. उभ्या गाडीत तर जास्तच.

बकेट बदलायच्या तर किट हवं. आधी सगळं विलायती यायचं. १९६२ मध्ये मद्रासला टीव्हीएस आणि लुकास यांच्या भागीदारीत ब्रेक्स इंडिया निघाली आणि गर्लिंगचं किट देशातच मिळू लागलं. आम्हाला ते पुण्याच्या नाना पेठेतून एसटीच्या पार्सलने येई. चिठ्ठी पाठवा, वाट बघा, पावसात दरड कोसळली की आणखी वाट बघा. गाडी तोवर कोण उभी ठेवणार? मग ड्रायव्हर गळणाऱ्या चाकाची नळी पकडीने दुमडून, दगडाने ठेचून बंद करी आणि तीन चाकांच्या ब्रेकवर निघून जाई. चार दिवसांपुरती केलेली ही सोय पुढच्या दिवाळीपर्यंत टिके. एखादी गाडी ब्रेक मारल्यावर एका बाजूला का ओढते म्हणून खाली शिरावं तर ठेचलेली नळी, तीही रंगवलेली.

सिलेंडरला खड्डे पडले असतील तर तो कोल्हापूरला शिवाजी उद्यमनगरात जाई. तिथे तो बोअर करून आत पितळेची स्लीव्ह ठोकत. ड्रमला चर पडलेले असले तर टर्निंगही तिथेच. उद्यमनगरच्या लेथवाल्यांनी महाराष्ट्राच्या दक्षिणेतल्या किती गाड्या घाटांतून सुखरूप उतरवल्या याचा हिशेब कुणी ठेवला नाही. नव्या मेकॅनिकांना स्लीव्ह म्हटलं तर शर्टाची बाही आठवते.

धंद्यातलं सगळ्यांत वाईट काम म्हणजे तेलात दुसरं तेल. तळात गेलेलं पेडल बघून ड्रायव्हर घाबरतो, हाताशी असेल ते ओततो. साबणाचं पाणी ओतून आलेली गाडी मी पाहिली आहे. ती वाचते, नंतर नीट धुतली तर. पण इंजिन ऑइल किंवा डिझेल ओतलं की संपलं. ब्रेकच्या रबराला खनिज तेल चालत नाही. बकेट फुगते आणि मास्टरमधलं तेल परत टाकीत जायचं बारीक भोक झाकून टाकते. पाय काढला तरी ब्रेक सुटत नाही, शू ड्रमला घासत राहतात, चाक तापतं, आणि शेवटी तेल उकळतं. म्हणजे ब्रेक आधी जास्त लागतो आणि मग अजिबात लागत नाही. अशा गाडीची सगळी रबरं फेकून द्यायची, नळ्या स्पिरिटने धुवायच्या, मालक म्हणणार, “एवढं कशाला, मिस्त्री, एक वॉशर टाका की.”

सगळं जोडून झालं की हवा काढायची. मास्टरपासून सर्वांत लांबचं चाक पहिलं, म्हणजे आपल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत मागचं डावं. निपलला रबरी नळी, नळीचं तोंड बाटलीतल्या तेलात बुडवलेलं, मी पेडलवर आणि मिस्त्री गाडीखाली.

“मार. मार. मार. धर!”

धरलं की निपल अर्धा फेरा सैल. बाटलीत बुडबुडे, पेडल पायाखालून तळाला.

“सोडू नको. सोडू नको रे. हां, सोड.”

निपल आवळायच्या आत पाय सुटला तर हवा परत आत, आणि खालून जे ऐकू येई ते इथे लिहिण्यासारखं नाही.

ऐंशीच्या दशकात या सगळ्याला वेग आला तो वडापमुळे, म्हणजे खासगी प्रवासी जीपांमुळे. १९४८ मध्ये पुणे-नगर रस्त्यावर पहिली एसटी धावली आणि पुढे प्रवासी वाहतूक सरकारने आपल्याकडे घेतली, पण वाडी-वस्तीवर एसटी दिवसातून दोनदा, कधी एकदाच. ती फट डिझेल जीपांनी भरली. लांब चासीच्या जीपा, पुढे ट्रॅक्स आणि कमांडर. नऊ-दहा माणसांच्या गाडीत आत माणसं, बॉनेटपाशी माणसं, मागच्या पायरीवर लोंबकळणारी माणसं, टपावर भाताची पोती. ड्रायव्हर अर्धा बाहेर. हप्ता बँकेचा आणि दुसराही एक. इंजिन ते ओझं घाटावर ओढत नेई, प्रश्न उतरताना.

इथे जरा थांबतो, कारण ‘ब्रेक तापला’ या एका वाक्यात लोक तीन वेगळे रोग कोंबतात. पहिला: ड्रम तापून प्रसरण पावतो, शूपासून लांब जातो, पेडलला जास्त खाली जावं लागतं. दुसरा: लायनर इतका तापतो की त्याची पकडच जाते; पेडल घट्ट, पाय दुखेपर्यंत दाबा, गाडी ऐकत नाही, जळका वास. तिसरा आणि सर्वांत वाईट: व्हील सिलेंडरमधलं पाणी धरलेलं तेल उकळतं. वाफ दाबली की आकसते, त्यामुळे पायाचा सगळा जोर वाफ दाबण्यात जातो आणि पेडल पोकळीत पडल्यासारखं खाली जातं. पहिल्या दोघांवर उपाय गाडीत आहे, तो म्हणजे खालचा गिअर. पण वडापवाला डिझेल वाचवायला न्यूट्रल करून उतरायचा.

तिसऱ्या रोगाची गंमत अशी की तो पुरावा ठेवत नाही. एकदा पावसाळ्यानंतर घाटात एक वडापची गाडी डोंगराच्या अंगाला घासत नेऊन ड्रायव्हरने थांबवली. माणसं खरचटली, कुणी गेलं नाही. ड्रायव्हर सांगत होता, पेडल नव्हतंच. दुसऱ्या दिवशी तपासणीला साहेब आले, पेडल दाबलं, घट्ट. तेल पूर्ण, गळती नाही. तापलेलं तेल रात्रभरात थंड झालं होतं, वाफेचं परत पाणी झालं होतं. कागदावर ‘चालकाचा ताबा सुटला’ असं आलं. मिस्त्रींनी त्या गाडीच्या चारही चाकांतून तेल काढून काचेच्या ग्लासात साहेबांपुढे धरलं. ते काळ्या चहासारखं होतं आणि तळाशी गंजाचा गाळ. साहेबांनी बघितलं, चांगलं बोलले, पण कागदात तेलाच्या रंगाचा रकाना नव्हता. उलट्या बाजूनेही सांगायला हवं: दारू पिऊन गाडी ठोकणाऱ्यांनी ब्रेक फेलच्या नावावर जेवढं खपवलं तेवढं दुसऱ्या कशाच्या नावावर खपवलं नसेल.

१९९४ मध्ये पुण्याहून टाटांची सुमो आली. नाव सुमंत मूळगावकरांवरून, हे सगळ्यांना माहीत असतं. त्या आगेमागे आर्माडा, १९९८ मध्ये सफारी, २००० मध्ये बोलेरो, २००२ मध्ये स्कॉर्पिओ. गावोगावच्या पुढाऱ्यांची गाडी पांढरी जीप होती ती पांढरी सुमो झाली. आमच्यासाठी खरा बदल बॉनेट उघडल्यावर दिसायचा. मास्टर पायाखालून वर आला, त्याच्यावर पांढरी प्लॅस्टिकची टाकी, बाहेरूनच तेलाची पातळी दिसते. आणि मास्टर डबल. दोन सर्किटं, एक गळलं तरी दुसरं अर्धी गाडी धरतं. अमेरिकेत ही सक्ती १९६८ पासून आहे. आपल्याकडे घाटपायथ्याच्या मेकॅनिकला ती सवयीची व्हायला पाव शतक गेलं.

डबल मास्टरने जीव वाचवले, यात वाद नाही. पण अर्धा ब्रेक गेलेली गाडी चालवत राहण्याची सोयही त्याने केली. पूर्वी गळकी जीप निदान नळी ठेचल्याशिवाय दारातून हलायची नाही. आता पेडल जरा खोल जातं, गाडी जरा लांब थांबते, तेवढंच. टाकीतल्या तरंगत्या स्विचने लाल दिवा लावला की मालक वरून तेल ओततो, दिवा जातो, विषय संपला. तेल गेलं कुठे, हे कुणी विचारत नाही.

पायाच्या जोराला व्हॅक्यूमची जोड देणाऱ्या बूस्टरनेही एक नवीन मरण आणलं. पेट्रोल इंजिन स्वतः व्हॅक्यूम करतं. डिझेल करत नाही, म्हणून त्याला वेगळा पंप. या गाड्यांत तो बहुधा अल्टरनेटरच्या शेपटीला असे. इंजिन बंद की पंप बंद. वडापच्या वळणाचे ड्रायव्हर सुमोतही चावी बंद करून घाट उतरू लागले. बूस्टरमध्ये साठलेल्या व्हॅक्यूमवर दोन-तीन ब्रेक नीट लागतात, चौथ्याला पेडल लाकूड होतं. तेल आहे, बकेट आहे, सगळं आहे, आणि माणसाच्या पायात एवढी ताकद नाही. अशा गाडीत आम्हाला दुरुस्त करायला काही सापडायचंच नाही. मागच्या ॲक्सलवर वजनाप्रमाणे मागचा ब्रेक कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह असतो, त्याचा दांडा मोडला की लोक तारेने बांधून ठेवत, ते आणखी एक. त्यावर लिहायला बसलो तर पानं पुरणार नाहीत.

समुद्राकडच्या गाड्यांचं दुखणं निराळं. गुहागर-दाभोळहून मासळी घेऊन वर जाणाऱ्या पिकअप आणि जुन्या जीपांच्या हौद्यातून बर्फाचं खारट पाणी चासीवर ठिबकत राहतं. ब्रेकची पोलादी नळी चासीला जिथे क्लिपांनी धरलेली असते, तिथे क्लिपच्या आत ते साठतं. बाहेरून नळी धड दिसते, क्लिप काढली की खाली कागद. जोरात ब्रेक मारल्याशिवाय ती फुटत नाही, म्हणजे फुटायची ती नेमकी गरजेच्या वेळी. काही जणांनी तांब्याच्या नळ्या टाकल्या. तांबं गंजत नाही, पण हादऱ्याने कडक होतं आणि तोंडाशी, जिथे नळीचं तोंड फुलवून आवळतात, तिथे चिरतं. नळीचं तोंड दुहेरी फुलवायचं असतं. घाईत एकेरी फुलवणारे आमच्याच रस्त्यावर होते. नावं घेत नाही, अजून लग्नाकार्यात भेटतात.

२२ जुलै २०२१ला वाशिष्ठी नदी चिपळूण शहरात शिरली. पाणी ओसरल्यावर रस्त्यांवर गाड्या होत्या त्या गाळाने भरलेल्या, एकीवर एक चढलेल्या. गाड्यांमध्ये तेव्हा सरळ दोन जाती पडल्या. नव्या एसयूव्ही विम्याच्या. त्यांच्यात एबीएस, जे १ एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना सक्तीचं झालंय. त्याचा ठोकळा म्हणजे बारीक व्हॉल्व्ह, पंप आणि वर कंप्युटर. गाळाचं पाणी त्यात गेलं की तो ठोकळाच बदला, आणि त्याची किंमत ऐकून विमावाले ‘टोटल लॉस’ म्हणत. ट्रेलरवर चढवून त्या गेल्या. जुन्या बोलेरो, ट्रॅक्स, कमांडर यांना विमा नव्हता. त्या आमच्याकडे आल्या. टाकीतलं तेल दुधी, ड्रममध्ये मुठी-मुठी गाळ, शू ड्रमला चिकटलेले. आम्ही सगळ्या उघडल्या, रबरं फेकली, नळ्या धुतल्या, सिलेंडर घासले, ज्यांचे घासून निघाले नाहीत त्यांना नवे टाकले. गणपतीपर्यंत बऱ्याचशा चालायला लागल्या. आणि त्याच वर्षी दिवाळीच्या तोंडावर एसटीचा संप सुरू झाला, तो पुढच्या एप्रिलपर्यंत. गोठ्यात, मांगरात वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या वडापच्या गाड्या बाहेर निघाल्या, बॅटरी टाकून सरळ रस्त्यावर. उभ्या गाडीचं काय होतं ते वर लिहिलंच आहे. त्या हिवाळ्यात मुलाने किटांची इतकी पाकिटं फोडली की नाना पेठेतला दुकानदार फोन करून विचारत होता, चिपळुणात झालंय काय.

गळती आता कुठे पोचली आहे त्याचं एक मोठं उदाहरण परदेशातलं. सप्टेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत ह्युंदाई आणि किआ यांनी सुमारे ३३ लाख ७० हजार गाड्या परत बोलावल्या. सान्ता फे, सोरेन्टो, स्पोर्टेजसारख्या एसयूव्ही त्यात होत्या. ब्रेकचं तेल एबीएसच्या ठोकळ्याच्या आत पाझरून विजेच्या भागांवर जात होतं, शॉर्ट सर्किट होऊन उभ्या गाडीला आग लागण्याचा धोका होता. मालकांना सांगितलं, दुरुस्ती होईपर्यंत गाडी घरापासून लांब, उघड्यावर लावा. चाकाच्या आत थेंब नाही, पेडल ठीक, आणि तेल आतल्या आत पाझरतंय. नखाने कुठली टोपी उचलणार?

मुलाने स्कॅनर घेतलाय. एबीएसमधली हवा काढायला लॅपटॉप पंप फिरवतो, पेडलवर बसायला बारक्या लागत नाही. तेलातलं पाणी मोजायचं पेनसुद्धा आहे त्याच्याकडे, टाकीत बुडवलं की हिरवा, पिवळा, लाल दिवा. मी म्हणतो, टाकीतलं काय मोजतोस, पाणी आणि गाळ चाकात असतो. तो म्हणतो, गिऱ्हाइकाला लाल दिवा दिसला की ते पैसे काढतं. यात मात्र त्याचं बरोबर आहे. मिस्त्रींचा काळ्या तेलाचा ग्लास बघून कुणी कधी पैसे काढले नव्हते.

गाडीच्या पुस्तकात बहुधा दोन वर्षांनी तेल बदला असं लिहिलेलं असतं. मी कोकणातल्या गाडीला दर पावसाळ्यानंतर सांगतो आणि मागचे दोन्ही ड्रम उतरवून बघा असंही सांगतो. त्यावरून आमच्या शेडमध्ये रोज वाद होतो. नव्या गाडीचा मालक म्हणतो, दिवा लागलेला नाही. वडापवाला म्हणतो, काका, सीझन संपू द्या.